दुसरी तार

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं रुग्णालय आहे. पुढे जुनी दगडी इमारत, मधे अंगण, मागे नवी पाच मजली. प्रसूती विभाग, ऑपरेशन थिएटर, सीटी स्कॅन आणि एमआरआय नव्या इमारतीत. रक्तपेढी, औषधभांडार आणि सर्व्हर रूम जुनीत. दिवसभराची निरोपानिरोपी फोनवर चालते. फोन सगळे आयपीचे. ज्या जाळ्यातून स्कॅनची चित्रं, औषधांची बिलं आणि लॅबचे रिपोर्ट जातात, त्याच जाळ्यातून माणसांचा आवाजही जातो.

या रुग्णालयात दोन माणसांचं पटत नव्हतं. एक प्रसूती विभागाच्या इन्चार्ज सिस्टर, दुसरे रक्तपेढीतले टेक्निशियन. दोघंही कामाला चोख, दोघांनीही उभी हयात रुग्णसेवेत घातलेली. पण फोनवर बोलणं झालं की वाद ठरलेला. सिस्टर म्हणायच्या, "मी एकेक शब्द नीट सांगते, यांचं लक्षच नसतं." टेक्निशियन म्हणायचे, "त्या अर्धंच बोलतात आणि फोन ठेवतात. मी काय अंतर्ज्ञानी आहे?" बाकीचे ऐकून सोडून देत. दोन तापट माणसं, असाच सगळ्यांचा समज होता.

मग एका सकाळी एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. गट ओ निगेटिव्ह. सिस्टरांनी एका हाताने सलाईन सांभाळत दुसऱ्या हाताने फोन लावला, "ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, तातडीने." पलीकडून "आहेत, पाठवून द्या फॉर्म" असं उत्तर आलं. फॉर्म आणि रक्ताचा नमुना घेऊन मावशी अंगण ओलांडून धावत गेल्या. टेक्निशियननी फॉर्म वाचला आणि ते मटकन खाली बसले. त्यांनी ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या काढून ठेवल्या होत्या. ओ निगेटिव्ह मुळातच दुर्मीळ. त्या दिवशी पेढीत एकही पिशवी नव्हती. फोनवर गट नीट कळला असता तर जिल्ह्याच्या गावाहून मागवायला त्याच क्षणी सांगता आलं असतं. ती पंधरा-वीस मिनिटं गेली.

बाई वाचल्या. डॉक्टरांनी शर्थ केली आणि रक्त वेळेवर नाही तरी वेळ टळण्याआधी आलं. चुकीचा गट रुग्णापर्यंत जाणं शक्यच नव्हतं, कारण नमुन्याचा गट तपासून क्रॉसमॅच केल्याशिवाय इथे पिशवी पेढीबाहेर पडत नाही. पण चौकशी व्हायचीच, ती झाली. सिस्टरांनी शपथेवर सांगितलं की आपण निगेटिव्हच म्हणालो, आणि शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं होतं. टेक्निशियनकडे साक्षीदार नव्हता. त्यांच्यासाठी मेमो टाइप झाला.

तो सहीला जायच्या आत एका माणसाने विश्वस्तांना थांबवलं. रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसणारे ऑपरेटर काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी ट्रंक एक्स्चेंजला होते. ते म्हणाले, "साहेब, हा माणूस ऐकण्यात चुकणारा नाही. आधी तारेची चौकशी करा, मग माणसाची."

जाळ्याची देखभाल कोल्हापूरच्या एका कंपनीकडे होती. तिथून एक तरुण इंजिनिअर मुलगी आली. हुशार होती आणि कामाची तिला मनापासून आवड होती. तिने पहिल्यांदा बघितलं ते कुणीही बघितलं असतं तेच: दोन इमारतींमधल्या जोडणीचा आलेख. दोन फायबर, प्रत्येकी एक गिगाबिटची, दोन्ही मिळून एक बंडल. पाच-पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख तीस टक्क्यांच्या वर जातच नव्हता. सत्तर टक्के रस्ता मोकळा असताना आवाज तुटेल कशाला? तिने प्रसूती विभागातला फोन बदलला, त्याची केबल बदलली, सिस्टरांच्या टेबलाशी बसून तीन-चार जागी फोन लावून पाहिले. समोरच्याचं बोलणं खणखणीत ऐकू येत होतं. तिने अहवालात लिहिलं, जाळ्यात दोष नाही. विश्वस्तांपैकी एकांनी उदारपणे सुचवलं, "हवी तर तिसरी तार टाकून घ्या, पैशांचं बघू." अहवाल घेऊन ती निघाली तेव्हा काकांनी तिला बोर्डापाशी थांबवलं.

"पोरी, तू सिस्टरांच्या खोलीत बसून ऐकलंस. तक्रार कोणाची आहे? रक्तपेढीची. तिथे बसून ऐकलंस का?"

ती थबकली. सिस्टरांना समोरचं नीट ऐकू येतं, याचा अर्थ समोरच्याला त्यांचं ऐकू येतं असा होत नाही. फोनवरच्या संभाषणात आवाजाचे दोन वेगळे प्रवाह असतात, जाणारा आणि येणारा. एक सुरळीत असून दुसरा तुटू शकतो. आणि ज्याचा आवाज तुटतो त्याला ते कधीच कळत नाही. कळतं ते ऐकणाऱ्याला, आणि दोष लागतो तोही ऐकणाऱ्यालाच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती रक्तपेढीत जाऊन बसली. बाह्यरुग्ण विभागाची गर्दी तेव्हा भरात असते, सीटी आणि एमआरआय दोन्ही चालू असतात. तिने सिस्टरांना विनंती केली, "एक ते पन्नास आकडे म्हणा, सावकाश." सिस्टर म्हणू लागल्या. सोळापर्यंत सगळं स्वच्छ. मग "सत..." आणि एकदम "वीस". पुढे "सत्तावीस, अठ्ठा...", मग थोडी शांतता आणि "बत्तीस". पन्नास झाले तसं सिस्टरांनी विचारलं, "काय, आलं ना सगळं?" त्यांच्या बाजूने एकही आकडा गळला नव्हता. मुलीने रिसीव्हर टेक्निशियनच्या हाती दिला आणि सिस्टरांना पुन्हा मोजायला सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या कानांबद्दल त्यांना स्वतःलाच शंका येऊ लागली होती.

लगेच तिने स्वागतकक्षातून, तोही नव्या इमारतीतच, तोच प्रयोग केला. एक ते पन्नास, एकही आकडा गळला नाही. त्याच दोन इमारती, त्याच दोन तारा, तीच वेळ. मग एकीचा आवाज तुटतो आणि दुसरीचा नाही, असं का?

इथे बंडल म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दोष तिथेच दडला होता. दोन किंवा अधिक तारा जोडून त्यांची एक जोडणी करायची रीत इथरनेटच्या प्रमाणात 2000 साली आली, 802.3एडी या नावाने. पुष्कळांची समजूत अशी असते की एक गिगाबिटच्या दोन तारा जोडल्या की दोन गिगाबिटची एक जाड तार होते. तसं होत नाही. तारा वेगळ्याच राहतात. कुठलं पॅकेट कुठल्या तारेवर घालायचं ते स्विच ठरवतो, आणि ते पाठवणाऱ्याचा पत्ता व घेणाऱ्याचा पत्ता यांवरून हिशेब करून ठरवतो. एकाच संभाषणाची पॅकेट पुढेमागे होऊ नयेत म्हणून ती सगळी एकाच तारेवरून जातात. पत्ते बदलले नाहीत तर हिशेबाचं उत्तरही बदलत नाही. प्रसूती विभागाच्या फोनचा पत्ता कायमचा, रक्तपेढीच्या फोनचाही कायमचा. त्या दोघांमधलं प्रत्येक बोलणं, बंडल झालं त्या दिवसापासून, दुसऱ्या तारेवरून जात होतं. स्वागतकक्षाच्या नशिबी पहिली तार आली होती.

आणि त्याच हिशेबाने सीटीची आणि एमआरआयची चित्रंही दुसऱ्याच तारेवर येत होती. दोन्ही यंत्रं एक-एक गिगाबिटच्या वेगाने सर्व्हरकडे चित्रं ढकलणारी. दोघांनी एकाच वेळी पाठवायला घेतलं की एका तारेवर दोन तारांचा माल येई. काही सेकंद ती तुडुंब भरे, पहिली तेव्हा जवळपास रिकामी असे. दोन्हींची मिळून पाच मिनिटांची सरासरी काढली की उत्तर तीस टक्के. आलेख खोटं बोलत नव्हता. पण सिस्टर सरासरीतून बोलत नव्हत्या, त्या एका ठरावीक क्षणी एका ठरावीक तारेवरून बोलत होत्या.

सर्व्हर रूम जुन्या इमारतीत असली तरी नव्या इमारतीचा स्विच जिन्याखालच्या एका कपाटात होता. मुलगी तिथे स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. बंडलाचा एकत्रित आकडा बघायचं तिने सोडलं आणि एकेका पोर्टाचे आकडे काढले. पहिल्या पोर्टाच्या आवाजाच्या रांगेत टाकून दिलेली पॅकेट शून्य. दुसऱ्या पोर्टावर ड्रॉपचा आकडा मोठा होता. तिने वरचा बाण दाबून तीच आज्ञा पुन्हा दिली. आकडा वाढला होता. पुन्हा दिली, पुन्हा वाढला. आणि दुसऱ्या पोर्टावर आवाजाची वेगळी रांगच नव्हती.

जाळं पहिल्यांदा घातलं तेव्हा दोन इमारतींमधे एकच फायबर होतं. ज्या कुणी ते बसवलं त्याने काम उत्तम केलं होतं. आवाजाच्या प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर फोन एक खूण करून पाठवतो. शून्य ते 63 पर्यंतच्या आकड्यांपैकी 46 हा आकडा जगभर बोलण्याच्या आवाजासाठी वापरतात. 46 दिसला की पॅकेट अग्रक्रमाच्या रांगेत घ्यायचं, बाकी माल कितीही साठला असला तरी आधी याला वाट द्यायची, असा हुकूम त्या माणसाने त्या पोर्टावर लिहिला होता. काही वर्षांनी चित्रांचा भार वाढला म्हणून दुसरं फायबर टाकलं, दोघांचं बंडल केलं, दिवे हिरवे झाले, काम संपलं. त्या जातीच्या स्विचमधे रांगांचा हुकूम बंडलाला देता येत नाही. बंडलातल्या प्रत्येक पोर्टाला वेगळा द्यावा लागतो. दुसऱ्या पोर्टाला तो कुणी दिलाच नाही. खूण सगळ्या पॅकेटवर होती, फोन आपलं काम करत होते. पण दुसऱ्या तारेच्या तोंडाशी ती खूण वाचणारं कुणी नव्हतं. सिस्टरांचा आवाज स्कॅनच्या चित्रांमागे एकाच रांगेत उभा राहत होता, आणि रांग भरली की शेवटी आलेल्याला बाहेर टाकलं जातं.

बाहेर पडणारं काय असतं, तेही पाहा. साध्या जी.711 पद्धतीत आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, सेकंदाला पन्नास पॅकेट. "निगे" एवढं म्हणायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असं धरलं, तर ती झाली दहा पॅकेट. तेवढी गळली की "ओ निगेटिव्ह"मधलं उरतं ते "ओ ...टिव्ह". ऐकणाऱ्याचं मन मधली जागा रिकामी ठेवत नाही, नेहमीच्या सवयीने भरून काढतं. आपल्याकडे ओ पॉझिटिव्ह वरचेवर मागतात, ओ निगेटिव्ह क्वचितच. टेक्निशियनच्या मनाने पॉझिटिव्ह ऐकलं. चित्राचं पॅकेट गळलं तर यंत्र ते पुन्हा पाठवतं, चित्र क्षणभर उशिरा येतं, कुणाचं काही बिघडत नाही. आवाजाचं पॅकेट पुन्हा पाठवून उपयोग नसतो. तोपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. एका बाजूने निघालेला आवाज दुसरीकडे 150 मिलिसेकंदांत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं प्रमाण सांगतं. त्यापलीकडे बोलणाऱ्यांची लय बिघडू लागते.

मुलीने दुसऱ्या पोर्टावर तोच हुकूम चढवला, मग जुन्या इमारतीत जाऊन तिथल्या टोकाच्या दोन्ही पोर्टांवरही तपासून चढवला, कारण नव्या इमारतीचा स्विच जाणाऱ्या मालाची रांग लावतो, येणाऱ्याची पलीकडचा लावतो. पुन्हा अकरा वाजता, दोन्ही स्कॅन चालू असताना, सिस्टरांनी एक ते पन्नास म्हटलं. पन्नासच्या पन्नास पोचले. तिसरी तार टाकायची गरज पडली नाही. ती टाकली असती तर हिशेब बदलला असता, सिस्टरांचा फोन कदाचित सुटला असता, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी तुटू लागला असता. तिसऱ्या पोर्टालाही हुकूम कोणी दिला असता, हा प्रश्न तर उरलाच असता.

काम इथे संपायला हवं होतं. पण अग्रक्रम नावाची गोष्ट जाळ्यात असते हे आता सगळ्यांना कळलं होतं. हिशेब खात्याने अर्ज दिला की महिनाअखेरीला आमचीही कामं तातडीची असतात. स्कॅन यंत्रांच्या माणसाने कळवलं की आमच्या चित्रांनाही 46 ची खूण लावा, रुग्णाच्या जिवाचाच प्रश्न आहे. प्रशासकांना त्यांच्या संगणकावर भाषणांचे व्हिडिओ अडखळत होते. कुणाचंच म्हणणं उघड चुकीचं नव्हतं. मुलगी पेचात पडली आणि काकांपाशी येऊन बसली.

काकांनी तिला ट्रंक एक्स्चेंजची गोष्ट सांगितली. 1960 साली लखनौ-कानपूर हा देशातला पहिला थेट डायलिंगचा मार्ग सुरू झाला, पण ती सोय आपल्या गावापर्यंत यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. तोवर परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. कॉल तीन प्रकारचे: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंग बुक झाला की ऑपरेटर बाकीची सगळी बुकिंगं मागे ठेवून आधी त्याला लाइन देई. त्याला पैसे साध्या कॉलच्या कितीतरी पट पडत. "पैसे जास्त का होते, ठाऊक आहे?" काका म्हणाले. "खात्याला श्रीमंत व्हायचं होतं म्हणून नाही. लाइन होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सगळ्यांनीच लाइटनिंग मागितला असता, तर लाइटनिंग हाच साधा कॉल झाला असता. ज्याच्या घरी मयत झालीय आणि ज्याला बाजारभाव विचारायचाय, ते दोघं पुन्हा एकाच रांगेत आले असते. जो पुढे जातो तो थोडा असतो, म्हणून पुढे जाऊ शकतो."

मुलीने कागद-पेन्सिल घेतली. जी.711 चा एक कॉल, सगळी वेष्टणं धरून, एका दिशेला सुमारे 87 किलोबिट. रुग्णालयातले शंभर फोन एकाच वेळी या बंडलावरून बोलू लागले तरी नऊ मेगाबिटही होत नाहीत, म्हणजे एका तारेच्या शंभरातला एक हिस्सासुद्धा नाही. आवाजाला पुढे जाऊ देण्यात बाकीच्यांचं जवळपास काहीच जात नाही. स्कॅनचं मात्र उलट. चित्रं अग्रक्रमाच्या रांगेत घेतली तर ती तार भरून टाकतील आणि आवाज पुन्हा त्यांच्या मागे उभा राहील. तिने विश्वस्तांसमोर हा हिशेब मांडला. अग्रक्रमाच्या रांगेला तिने कमाल मर्यादाही घातली, म्हणजे उद्या कुणी चोरून 46 लावलं तरी बाकी जाळं उपाशी राहू नये. जाणकार सांगतात की तातडीच्या रहदारीला तारेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कधी देऊ नये. तिने त्याहून पुष्कळ कमी दिलं. खूण मानायची ती फक्त फोनची. फोनच्या मागे जोडलेल्या संगणकाने 46 लावून पाठवलं तर पहिल्याच स्विचवर ते शून्य करायचं, मग तो संगणक प्रशासकांचा का असेना. विश्वस्तांनी हे सगळं मान्य केलं. नाही म्हणायला एक दिवस प्रशासक नाराज होते.

मेमो फाडला गेला. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. सिस्टर स्वतः अंगण ओलांडून रक्तपेढीत गेल्या आणि टेक्निशियनची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमची काय चूक? तुम्ही तर नीटच बोलत होतात." दोघांनी मिळून एक रीत घालून दिली: रक्ताचा गट फोनवर सांगितला की ऐकणाऱ्याने तो पूर्ण वाक्यात परत म्हणायचा, आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्यावरच फोन ठेवायचा. तार चांगली असली तरीही. दोन प्रामाणिक माणसांमधलं कितीतरी दिवसांचं वैर एका पोर्टावर न लिहिलेल्या हुकमातून आलं होतं, आणि त्या दिवसांत एकदाही कुणाला वाटलं नव्हतं की दोघंही खरं बोलत असतील.

पुढच्या वर्षी भार वाढला आणि तिसरं फायबर खरोखरच टाकावं लागलं. ते बसवायला दुसरा इंजिनिअर आला. कपाटाच्या दारावर आतून मुलीने कागद चिकटवून ठेवला होता, तो वाचून त्याने तिसऱ्या पोर्टावर दोन्ही टोकांना हुकूम लिहिला, आणि काकांनी प्रसूती विभागातून रक्तपेढीला फोन लावून आकडे मोजून घेतले.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रुग्णालयाचं, अग्निशमन केंद्राचं किंवा जिथे एका शब्दावर जीव अवलंबून असतो अशा कुठल्याही ठिकाणचं जाळं सांभाळत असेल, तर त्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे: बंडलाच्या सरासरीवर विसंबू नका. एकेका पोर्टावर जाऊन आवाजाची रांग चालू आहे का ते दोन्ही टोकांना बघा. जुन्या कॅटलिस्टसारख्या काही स्विचमधे क्यूओएस (म्हणजे हीच अग्रक्रमाची व्यवस्था) चालू केलं आणि एखाद्या पोर्टावर खुणेवर विश्वास ठेवा असं सांगायचं राहिलं, तर तो पोर्ट आलेली खूण पुसून शून्य करतो, तेही तपासा. आणि तपासणीचा फोन लावाल तेव्हा पलीकडे कुणाला तरी ऐकायला बसवा.